अळीच्या अंगातली टोळी

हे लिहावं की नाही, हे बरेच दिवस मला ठरवता आलं नाही. चूक माझी होती का, हेही अजून ठरलेलं नाही. जे घडलं ते घडलं तसं सांगते.

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. गाव शेवगाव तालुक्यात. दिवाळी झाली की आईवडील ऊसतोडीला जातात आणि ऊन तापायला लागलं की परत येतात. मी नगरला प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करते. माझा प्रकल्प फळमाशीवर आहे, पिकलेल्या केळ्यावर घोंघावते त्या एवढ्याशा माशीवर. आमच्या प्रयोगशाळेत ती काचेच्या बाटल्यांत वाढते. बाटलीच्या तळाशी मक्याचं पीठ, गूळ आणि यीस्ट शिजवून ओतलेलं असतं, तोंडाला कापसाचा बोळा. सरांनी पुण्याहून एक वाण आणला होता. त्यातल्या काही अळ्यांच्या अंगात उपजत दोषामुळे गाठ वाढते, माणसाच्या कॅन्सरसारखी. अळी फोडायची, गाठ अलगद बाहेर काढायची आणि तिला किती रक्तपेशी चिकटल्यात ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं, हे माझं काम.

माशीची प्रतिकारशक्ती आपल्यासारखी अनुभवातून शिकत नाही. जन्मतः जे मिळालं तेवढंच. तरी गाठीचं आवरण फाटलं की अंगातल्या रक्तपेशी तिथं गोळा होतात, तिला चिकटतात, आणि गाठीतल्या काही पेशी मरतात. पहिल्यांदा हे दिसलं तेव्हा मी जेवायला जायचं विसरले होते.

दिवाळीला घरी गेले तेव्हा आई तोडीवर न्यायचं बाजरीचं पीठ गोणीत भरत होती. मी काय शिकते, असं तिने तोवर कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं. मी माशांचं सांगितलं तर म्हणाली, "माशा पाळायला नगरला गेलीस व्हय? आमच्यात फुकट हायत की."

तिला समजावं म्हणून मी तिच्याच कामातले शब्द वापरले. गाठ म्हणजे उसाचा फड आणि रक्तपेशी म्हणजे टोळी, असं सांगितलं. टोळी फडाला चारी बाजूंनी लागते तशा त्या गाठीला लागतात. आईचा हात गोणीतच थांबला.

"मग ती गाठ जिरती का?"

"लहान होते कधी कधी."

"आन मानसात?"

"माणसातही असतात तसल्या पेशी."

तिने मान हलवली आणि गोणीचं तोंड बांधलं.

यातलं काही खोटं नव्हतं. पण एक गोष्ट मी सांगितली नाही. त्या अळीचा कोष होत नाही. तिच्यासोबतच्या अळ्या कोषात जातात, माशा होऊन उडतात. ही मात्र अळीच राहते, फुगत जाते आणि एक दिवस काळी पडून मरते. गाठीला किती पेशी चिकटल्या होत्या याने त्यात फरक पडत नाही. अशा मेलेल्या अळ्यांच्या बाटल्या मी दर आठवड्याला साबणाच्या पाण्यात रिकाम्या करत होते. पण सणाचा दिवस होता आणि आई पहिल्यांदाच माझं ऐकत होती. मला ते मोडायचं नव्हतं.

मार्चमध्ये ते परत आले, तेव्हा मी घरी गेले. आंघोळीच्या वेळी आईने मला पाठीवर पाणी घालायला बोलावलं आणि मी पाहिलं. डाव्या स्तनाची कातडी आत ओढली गेली होती, संत्र्याच्या सालीसारखी झाली होती. काखेतही गाठी होत्या. कधीपासून, विचारलं.

"नवरात्रात लागली हाताला. शेंगदान्याएवढी हुती."

म्हणजे दिवाळीच्या आधी. गोणी भरताना ती अळीचं विचारत नव्हती.

मला सांगितलं का नाहीस, म्हणून मी ओरडले. ती काय म्हणेल हे मला माहीत होतं. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. नवऱ्याने तोडायचं, बायकोने पाला काढून मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीपर्यंत वाहायच्या. बायको गेली की उरतो अर्धा कोयता, आणि अर्ध्याला टोळीत कोणी धरत नाही. पण ती हे म्हणाली नाही.

"तू म्हनली हुतीस ना, पेशी जमत्यात म्हनून. मग मी बसलेच न्हाई. रगत फिरतं राह्यलं तर त्या तिथवर पोचत्याल."

दुपारी बाकीच्या बायका पाचटावर घटकाभर टेकायच्या, तेव्हा ही मोळ्या वाहत राहायची. तिला मुकादम व्हायचंय, असं त्या चिडवायच्या. हे सांगताना आई हसली.

नगरच्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. हाडांत आणि यकृतात पसरलं होतं. डॉक्टरांनी गाठ कधीपासून आहे विचारलं, मी सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं. आता त्रास कमी राहील एवढंच बघू, म्हणाले. वडील बाहेर बाकावर बसले होते. मी त्यांना एवढंच सांगितलं की गोळ्या दिल्यात.

पुढच्या आठवड्यात मी सरांना विचारलं की त्या पेशी शेवटपर्यंत गाठीशी लढतच राहतात का. ते म्हणाले, काही प्रकारच्या गाठींत उलटं होतं, त्याच पेशींमुळे गाठ वाढते. प्रश्न चांगला आहे, प्रबंधात एक परिच्छेद लिही. घरचं त्यांना माहीत नव्हतं. मी तो परिच्छेद लिहिला.

आता आई खाटेवरच असते. मी शनिवारी येते, सोमवारी जाते. मागच्या रविवारी दुपारी तिला भात भरवत होते. तिने दोन घास घेतले आणि हात आडवा केला.

"त्या अळीचं पुढं काय हुतं? खरं सांग बाई."

मी वाटी खाली ठेवली. "मरते."

"समद्या?"

"सगळ्या."

तिने पदराने तोंड पुसलं. मग म्हणाली, "तवा सांगितलं असतंस तरी मी गेलेच असते. तुझ्या बापाचा अर्धा कोयता कुनी धरला असता?"

हे खरं होतं, की माझ्यासाठी म्हणाली, मला कळलं नाही. विचारायचा धीर झाला नाही. खरं असेल असं मी रोज स्वतःला सांगून बघते, ते टिकत नाही.

तिने कुशीवर वळवायला सांगितलं. मी वळवलं. आता तिला एका हाताने वळवता येतं.