राख गरम हाये

शकुबाईनं आजवर किती जणांना झोडपलं याचा हिशेब तिला स्वतःलाही लागत नव्हता, आणि ज्यांनी मार खाल्ला ते काही सांगत सुटणारे नव्हते. बाईच्या हातचा मार कोण गावभर मिरवील? पण सिंदेवाहीहून धान भरून चिमूरच्या बाजाराकडं निघालेल्या कोणत्याही बंडीवाल्याला, म्हणजे बैलगाडीवाल्याला, विचारा. बेहड्याचा पडाव दिसू लागला की भल्याभल्यांच्या तोंडातल्या शिव्या तोंडातच राहायच्या. "पुढं बाई हाये, नीट बसा," असं एकमेकांना बजावायचे लेकाचे.

पडाव म्हणजे काही धर्मशाळा नव्हे. जंगलातून जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला झाडून काढलेलं एक मैदान, मधोमध भलंमोठं बेहड्याचं झाड, एक विहीर आणि शकुबाईची कुडाची झोपडी. बंड्यांचा तांडा दिवस कलायच्या आत तिथं पोचायचा, बैल सुटायचे, चुली पेटायच्या. शकुबाई पाणी द्यायची, बैलांना तणस द्यायची, वाघाची हाकाटी असली तर कडेनं जाळ करायची, आणि त्याबदल्यात दर बंडीतून ओंजळभर जे असेल ते घ्यायची. कागदावर जागा मालगुजाराची, म्हणजे तिथल्या जमीनदाराची. पण कागद बघायला त्या जंगलात कोण जातंय? पडावात कायदा एकच होता, बंडीवाल्यांच्या आज्या-पणज्यांनी केलेला: राख गरम, तोवर जागा त्याची.

म्हणजे असं. तीन दगड मांडून चूल पेटवली की ती जागा तुमची झाली. चुलीतली राख गरम आहे तोवर तुम्हाला तिथून कोणी हलवायचं नाही, अंगाला हात लावायचा नाही, मग तुम्ही खून करून का आलेले असेना. राख थंड झाली की तुम्ही कोणी नाही. आणि राख आपली आपण थंड व्हायची, तिच्यावर पाणी ओतायचं नाही. चुलीवर पाणी ओततात ते मेल्या घरी. बेहड्याखाली शकुबाईच्या सासऱ्यानं मांडलेली चूल तर कधी थंड झालीच नव्हती. ती रोज निखारे राखेखाली पुरायची. वरून बघावं तर विझलेली, आणि फुंकर घातली की पुन्हा लालबुंद. ती चूल गरम, म्हणून पडाव तिच्या घरचा.

बेचाळीसच्या चळवळीत चिमूर पेटलं त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात तिचा नवरा सोमाजी गेला. गेला कसला, मारला! लटारू नावाचा एक थोराड बंडीवाला होता, दारू पोटात गेली की बापाला न ओळखणारा. दुसऱ्याच्या गरम चुलीवर त्यानं आपलं भांडं चढवलं म्हणून सोमाजी त्याला बोलला. लटारूनं बंडीची उभारी उपसली. उभारी म्हणजे माल अडवायला बंडीच्या कडेला उभी खोचलेली सागाची दांडी, मनगटाएवढी जाड. एकच घाव घातला. सोमाजी स्वतःच्या पडावात मातीत तोंड घालून पडला तो उठलाच नाही. लटारू पळाला. शिपाई आले, विचारपूस केली, पण बंडीवाल्यांनी तोंडं शिवून घेतली. शकुबाईनं ती रक्ताळलेली उभारी तेवढी झोपडीत नेऊन ठेवली.

दोन वर्षांनी लटारू आला की परत! तोंड वर करून आला. बंडी सोडायच्या आधी त्यानं चूल मांडली, पेटवली, आणि मग शकुबाईकडं बघून दात काढले. "राख गरम हाये, बाई."

शकुबाई वळून आत गेली. झोपडीतून उभारी आणली आणि त्याच्या चुलीसमोर मांडी घालून बसली. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर तांडा निघाला, पण लटारूची काही जागचं उठायची हिंमत होईना. उठला की चूल सुटली. त्यानं होतं नव्हतं ते सरपण जाळलं, बैलांपुढची तणस जाळली, दोर जाळले, शेवटी स्वतःच्या बंडीच्या उभाऱ्या उपसून चुलीत घातल्या. दुपार टळली तेव्हा त्याच्याजवळ जाळायला धोतर तेवढं राहिलं होतं.

"ओत पाणी अन् उरक एकदाचं!" तो ओरडला.

"पाणी मेल्या घरी ओततेत," शकुबाई म्हणाली. "तू जित्ता हायेस अजून."

मग तिनं राखेत आख्खा तळवा खुपसला, मुठीत धरून बघितली. "थंड झाली," म्हणाली, आणि उठली. लटारूचे दोन्ही हात तिनं कोपरापासून मोडले, गुडघ्याची वाटी फोडली. तो डुकरासारखा किंचाळत होता आणि बाई एकेक घाव जागा बघून घालत होती. जिवानिशी मारलं नाही. मागून येणाऱ्या मंगरू बंडीवाल्यानं विचारलं, "बाई, सोडलं काऊन त्याले?" तर म्हणाली, "माह्या नवऱ्याले दुखाले येळ नाई भेटला. याले दुखलं पायजे."

तेव्हापासून "राख गरम हाये!" ही शकुबाईची आरोळीच झाली. कोणी जागेवरून कुरबुर केली, कोणी तिच्या चुलीजवळ बैल बांधला, की आधी आरोळी यायची आणि तिच्यामागून उभारी. शहाणा माणूस आरोळी ऐकूनच पळायचा. दोन शब्द बोलून भागलं असतं तिथंही बाईनं दांडकंच चालवलं. चुकत होतं तिचं? चुकतही असेल. नवरा डोळ्यांदेखत मारला गेलेल्या बाईला गोड बोलायला शिकवायला कोणी गेलं नव्हतं.

मग स्वराज्य आलं, आणि थोड्याच वर्षांत मालगुजारी गेली. मालगुजार गुणवंतराव मात्र गेले नाहीत. असली माणसं जात नसतात, नुसती जोडे बदलतात. त्यांनी लढाईतला एक जुना ट्रक लिलावात घेतला, मग दुसरा. जे धान पन्नास बंड्या रडतखडत न्यायच्या ते ट्रक एका दिवसात चिमूरला टाकून परत यायचा. बंडीवाले हसले आधी. "चिखल होऊ द्या, मंग पाहू," म्हणाले. सरकारनं रस्त्यावर मुरूम टाकला आणि हसू मिटलं. पडावात चुलींचा धूर दिसेनासा झाला. कधी चार बंड्या, कधी दोन. ट्रकवाले चूल मांडत नसत. भर्रकन यायचे, धूळ उडवून जायचे.

आणि शकुबाईचा एकुलता एक पोरगा इसरू, बावीस वर्षांचा गडी, त्या धुळीमागं लागला. चांद्याच्या बाबूभाई ड्रायव्हरकडं क्लीनर म्हणून राहिला. बाबूभाई माणूस चांगला, हातचं न राखता शिकवणारा. फक्त पेट्रोलच्या टाकीजवळ कोणी बिडी काढली की आईबाप काढायचा, कानफटात द्यायचा. शकुबाईनं ते बघितलं होतं. मुद्दाम सांगतोय, ध्यानात ठेवा.

एक दिवस गुणवंतराव स्वतः आले. "शकुबाई, जमाना बदलून राह्यला," ते म्हणाले. "इथी ट्रकचा अड्डा करतो, टिनाचं शेड टाकतो. तुले झोपडीपुरती जागा सोडतो, चहा वीक. तुह्या पोराले बी काम हाये."

बोलणं तसं वावगं नव्हतं. पण शकुबाईनं बेहड्याखालच्या चुलीकडं बोट दाखवलं. "राख गरम हाये, मालक."

"मालगुजारी गेली, तुही राख काऊन राह्यली व?" ते हसले.

पुढच्या आठवड्यात त्यांनी झोपडी पाडायला जंगू आणि झिंगू असे दोन गडी पाठवले. शकुबाईनं झिंगूचा जबडा फोडला. जंगूनं मागून काठी घातली तेव्हा तिचे समोरचे दात तुटून मातीत पडले. ती तशीच रक्त थुंकत उठली आणि जंगूच्या मनगटाला चावली, हो, उरलेल्या दातांनी! दोघं पळाले. रक्त न पुसताच ती आधी चुलीजवळ गेली, राखेवर हात ठेवून बघितला.

संध्याकाळी इसरू आला. मायचं सुजलेलं तोंड बघून त्याला रडू फुटलं. "माय, सोड ना हे. मीच ट्रक चालवीन, मीच इथी थांबीन. पडाव आपलाच राहीन की!"

शकुबाईनं त्याच्या थोबाडीत मारली. "तुह्या बापाचं रगत हाये इथी. त्याच्यावर चाकं फिरवतं?"

"बाप माह्याबी डोळ्यांसमोर मेला, माय," इसरू म्हणाला. "तू बी मेली पायजे का?"

पोरगा बरोबर बोलला होता. तिला ते कळलंही, आणि कळलं म्हणूनच ती जास्त चिडली. त्या दिवसापासून मायलेकांचं बोलणं बंद झालं.

वैशाखातली दुपार होती. पडावात एकट्या मंगरूची बंडी सुटलेली. शकुबाई विहिरीवरून भरली घागर घेऊन येत होती, तोच ट्रक रस्ता सोडून आत वळला. मालकाचा हुकूम होता: बेहड्याखाली नेऊन लावा, त्या चुलीवरच लावा, बघू बाई काय करते ती. बाबूभाई नाइलाजानं ट्रक मागं घेत होता आणि इसरू खाली उभा राहून हात हलवत होता, "आन दे, आन दे." टाकी गळत होती. धुळीत ट्रकबरोबर एक ओली रेघ ओढली जात होती आणि तिचा तो उग्र वास शकुबाईच्या नाकात शिरला. मागची चाकं चुलीच्या दोन बाजूंनी गेली आणि चूल ट्रकच्या पोटाखाली आली.

राखेखाली काय आहे ते तिच्याएवढं कोणाला ठाऊक होतं? तिच्या हातांनीच पुरलेले निखारे ते. चूल चार पावलांवर, डोक्यावर घागर काठोकाठ भरलेली. ओतायची आणि मोकळं व्हायचं! पण पाणी ओतलं की चूल मेली, चूल मेली की पडाव गेला. सासऱ्याचा, सोमाजीचा, तिचा.

तिनं घागर खाली ठेवली आणि उभारी उचलली.

"राख गरम हाये!"

इसरू हसला. किती दिवसांनी मायशी बोलायला मिळालं म्हणून हसला. "तुही राख थंड कवा होती, माय?" गळती बुजवायला साबणाची वडी लागते, ती हातात घेऊन, राखेखालच्या निखाऱ्यांचं भान न ठेवता, तो पाठीवर पडला आणि ट्रकखाली सरकला.

आता शकुबाईचा आवाजच बदलला. "इसऱ्या! राख गरम हाये रे! खरंच गरम हाये!"

"हो व माय, जागा तुहीच हाये, बस!" आतून आवाज आला.

मग भक्क झालं. ट्रकच्या पोटातून जाळ चहूबाजूंनी बाहेर आला आणि त्यात इसरूची किंकाळी. शकुबाई उभारी टाकून आत घुसली. त्याचा पाय धरून ओढला तर कातडं हातात आलं. दुसरा पाय धरला, तिचा पदर पेटला, केस पेटले, तरी सोडलं नाही. बाबूभाईनं उडी टाकून दोघांवर घोंगडं फेकलं, स्वतःचे हात भाजून घेतले. मागं टायर फुटले, वर बेहड्याचा पाला जळू लागला, आणि धुळीत पडलेला तो काळा गोळा "माय, माय" करत होता.

मंगरूनं बंडी जुंपली. दवाखाना सिंदेवाहीला, आणि बैल म्हणजे बैल. शकुबाईनं भाजल्या हातांनी तुतारीची, म्हणजे बैल हाकायच्या काठीची, टोकदार आर बैलांच्या पुठ्ठ्यांत खुपसून खुपसून रक्त काढलं. एक बैल गुडघ्यावर आला, त्याला लाथांनी उठवलं. इसरू पाणी मागत होता. पाणी नव्हतं, घागर पडावात राहिली होती.

"ट्रक पायजे होता, मंगरू," ती म्हणाली. तेवढंच म्हणाली. रेल्वेचं फाटक दिसू लागलं तेव्हा इसरूचं मागणं थांबलं.

दुसऱ्या दिवशी ती पडावात परतली. ट्रकचा सांगाडा बाजूला ओढून ठेवला होता. गुणवंतराव माणसं घेऊन उभे होते. तिनं वाटेत पडलेली उभारी उचललेली बघताच ते चार पावलं मागं सरले. शकुबाईनं उभारी मोडक्या ट्रकवर टाकून दिली. घागर जिथं ठेवली होती तिथंच होती, भरलेली. तिनं ती उचलली आणि बेहड्याखालच्या चुलीवर उपडी केली. राख सूं करून ओरडली, वाफ उठली. इतकं सगळं होऊनही आत निखारा होताच.

"हे काय करून राह्यली?" गुणवंतरावांनी मंगरूला हळूच विचारलं.

मंगरूनं डोक्याचं फडकं काढलं. "घर मेलं, मालक. पडाव तुमचा झाला."

आता तिथं टिनाचं शेड आहे. रांगेनं ट्रक लागतात, आणि ड्रायव्हर लोकही आताशा चूल मांडून भात शिजवतात. जेवणं झाली की भाजल्या हातांची एक म्हातारी घागर घेऊन येते आणि कोणाला न विचारता एकेका चुलीवर पाणी ओतत जाते. जुने बंडीवाले आता क्लीनर झालेत, ते गुमान बाजूला होतात. परवा एक नवा ड्रायव्हर मात्र कावला. त्याला पुन्हा चहा टाकायचा होता.

"अवं बाई, काऊन ओतून राह्यली?" तो म्हणाला. "राख गरम हाये ना अजून!"

"म्हूनच," शकुबाई म्हणाली, आणि उरलेली घागर त्याच्या चुलीवर रिती केली.