तिरकं बघणाऱ्या गौरी

नौपाड्यात आमच्या काकूचा गौरींच्या मुखवट्यांचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे तळमजल्यावरची दीड खोली. ऑफिस सुटलं की मी तिथे रंगाला बसते. श्रावण संपत आला की खोलीत जितके मुखवटे साठतात, तितकेच किस्से. मुखवटे निदान भाद्रपदात आपापल्या घरी जातात, किस्से माझ्या डोक्यातच मुक्काम ठोकतात.

काकूचा एक नियम आहे. डोळे रंगवून होईपर्यंत देवीसमोर कुणाची चहाडी करायची नाही.

"आणि नंतर?" मी विचारलं.

"नंतर कर की. मग ती स्वतः बघून ठरवेल."

*

एक बाई स्वतःच्या आईचा फोटो घेऊन आल्या. "नाक असंच हवं, काकू." संध्याकाळी त्यांचे मिस्टर एकटेच आले आणि हळूच म्हणाले, "साम्य जरा कमी ठेवता येईल का? तीन दिवस मला हात जोडून उभं राहायचंय."

काकूने नाक तसंच ठेवलं, ओठांवरचं हसू तेवढं वाढवलं. मिस्टर मुखवटा न्यायला आले. "हे हसू मी पहिल्यांदाच बघतोय," म्हणाले.

*

दिवा स्टेशनजवळ राहणाऱ्या एक ताई गौरींचा खोका घेऊन रिक्षाने घरी पोचल्या, तेवढ्यात पाण्याचा टँकर आला. मग कोण थांबतंय! ताई हंडे घ्यायला धावल्या, खोका रिक्षातच राहिला. खोक्यावरचा कारखान्याचा पत्ता वाचून रिक्षावाला परत आमच्याकडे. "मावशी, मागच्या सीटवर दोन लेडीज राहिल्यात. बोलत नाय, उतरत पण नाय."

ताईंना फोन लावला. "बसू दे जरा," त्या म्हणाल्या, "अजून पिंप भरायचंय."

*

पण खरी कठीण केस दोन भावांची. थोरला नौपाड्यात, धाकटा डोंबिवलीत. गेल्या वर्षी आई गेली आणि गौरी कुणाकडे बसणार यावरून दोघांचं फाटलं. शेवटी त्यांनी वाटणी केली. थोरली गौर थोरल्याने नेली, धाकटी धाकट्याने. जन्मभर शेजारी बसलेल्या बहिणी! मला फार वाईट वाटलं. बोलणं बंद, पण रंगवायला दोघेही आमच्याकडेच, वेगवेगळ्या दिवशी. दोन्ही गौरींचे डोळे काकूने स्वतः रंगवले.

गौरी बसवायच्या त्या सकाळी थोरला मुखवटा घेऊन हजर. "काकू, ही समोर बघतच नाही. डावीकडे बघते."

तेवढ्यात दारात धाकटा. "काकू, आमची उजवीकडे बघतेय. स्टँड फिरवला तर तोंड भिंतीकडे जातं." मग त्याला भाऊ दिसला.

"बहिणीला शोधतायत," काकू म्हणाली. "शेजारी ठेवून बघा."

शेजारी, पण कुणाच्या घरी? गाडी पुन्हा तिथेच अडली. काकूने टेबलावरचे रंगाचे डबे उचलले आणि चादर अंथरली. दुपारपर्यंत दोन्ही जावा साड्या, दागिने, नैवेद्य घेऊन आमच्या दीड खोलीत. आरती झाली.

धाकटा गौरींकडे निरखून बघत म्हणाला, "काकू, या एकमेकींकडेच बघतायत. आमच्याकडे कुणीच बघत नाही."

"वर्षभरात बघण्यासारखं काय केलंत तुम्ही?"