गेणबातात्यांच्या पंपाची आंघोळ

आमच्या माले गावात बैलांना न्हाऊ घालावं तर गेणबातात्यांनीच. बैल विकले तरी त्यांचे हात स्वस्थ बसेनात. मग ती सगळी माया पाठीवरच्या फवारणीच्या पंपावर उतरली. वांग्यांवर औषध मारून झालं की तात्या विहिरीच्या काठावर बसून त्याला काथ्यानं घासून न्हाऊ घालायचे. बेंदराला, बैलांच्या सणाला, त्याच्या नळीला गोंडासुद्धा बांधला होता, मी डोळ्यांनी पाहिलाय!

धुतलेलं पाणी ओघळत परत त्याच पिण्याच्या विहिरीत जायचं. तात्यांची बायको, आमच्या लीलाकाकू, ओरडून थकल्या. तात्यांचं उत्तर ठरलेलं, "येवढ्या विहिरीत चार थेंबांनी काय व्हतंय?"

आणि एक दिवस पिरंगुटहून त्यांच्या लेकीचा, रेश्माचा फोन आला. पहिलं बाळंतपण, माहेरीच व्हायचं. "तात्या अजून विहिरीवरच पंप धुत्यात? मग मी न्हाई येत, आई."

 काकूंनी फोन ठेवला आणि तात्यांच्या समोरच हंडाभर पाण्यात निळीचे चार थेंब टाकले. हंडा निळाशार! त्यातला तांब्या भरून पुढं केला. "घ्या, प्या. चारच थेंब हायेत."

"निळं दिसतंय की गं!"

"व्हय. तुमचं औषध दिसत न्हाई, येवढंच."

मला हसू आवरेना, तात्यांना तांब्या धरवेना. त्याच दिवशी पंपाची आंघोळ विहिरीवरून हलली. आता औषध कालवायचं तेही वावराच्या पार दुसऱ्या टोकाला, बादलीनं पाणी नेऊन. पंप तीनदा खळबळायचा आणि ते पाणी वांग्यांवरच मारायचं. विहीर उपसली, नव्यानं पाझरलेलं पाणी तपासायला दिलं. चांगलं असल्याचा कागद येईपर्यंत तात्यांना भाकर गोड लागली नाही. आला तेव्हा त्यांनी तो सगळ्या आळीला वाचून दाखवला, दोनदा!

रेश्मा आली. मुलगी झाली. सव्वा महिन्यानं तात्या नातीला घेऊन विहिरीवर मिरवत होते, तेवढ्यात बाईसाहेबांनी आजोबांचं धोतर भिजवलं. आम्ही खो खो हसलो. काकू म्हणाल्या, "धुवा की हितंच, पाणी हाय समोर!"

तात्यांनी नात काकूंच्या हातात दिली, बादली भरली आणि ओलं धोतर सावरत वावराच्या त्या टोकाला धुवायला निघाले.