नव्या वर्षाची साक्ष

माझा नवरा बरा होणार, असं आमच्या पाळकांनी एक जानेवारीच्या उपासनेत भर मंडळीसमोर सांगून टाकलं होतं. त्या दिवशी चर्चच्या दारात बायबलमधल्या वचनांच्या चिठ्ठ्यांची परडी ठेवतात. हाताला जी चिठ्ठी येईल, ते त्या माणसाचं वर्षभराचं वचन. नवऱ्याला आरोग्याचं वचन आलं. त्याच्या दोन्ही किडन्या तेव्हा कामातून गेल्या होत्या, डायलिसिस चालू होतं. पाळकांनी त्याला पुढं बोलावून डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "देवानं आज शिक्का मारलाय. हे वर्ष सुटकेचं आहे." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

मे महिन्यात, रस्त्यावरचं डांबर चपलांना चिकटत होतं त्या दिवसांत, तो गेला.

मातीहून परत आल्यावर महिला मंडळाच्या मुख्य बाई माझ्या शेजारी येऊन बसल्या. माझा हात हातात घेऊन हळूच म्हणाल्या, "वचन तर मिळालं होतं गं. आपलाच विश्वास कुठंतरी कमी पडतो."

मी हात सोडवून घेतला. नंतर चर्चची पायरी चढले नाही. घरातली प्रार्थनाही सोडली. सकाळी सासूबाई पलंगावर बसून डोळे मिटायच्या, तेव्हा मी मुद्दाम भांडी आपटायची. शाळेच्या युनिफॉर्मच्या कारखान्यात मी शिलाई करते. तिथं मशिनींच्या आवाजात कुणाला कुणाशी बोलता येत नाही, तेच मला बरं वाटायचं. पाळक भेटायला आले तेव्हा पहिल्या खेपेला पाणी दिलं. पुढच्या खेपेला दारातूनच सांगितलं, "सासूबाई झोपल्यात." त्या आतून चांगल्या खोकत होत्या. नाताळची गाणी म्हणणारी मंडळी आमच्या बोळात आली, तेव्हा मी दिवा बंद करून बसले.

वर्ष संपत आलं तशा सासूबाई म्हणाल्या, "मला एक तारखेला देवळात ने." चर्चला त्या अजून देऊळच म्हणतात.

"रिक्षा करून देते. तुम्ही जा."

"एकटी कशी चढू पायऱ्या? गुडघं हायत का मला? तुला बसायचं नसलं तर भायेर थांब की."

बाहेरच थांबणार होते, पण पायऱ्या चढून झाल्यावरही त्यांनी हात सोडला नाही. दारातल्या परडीपाशी कुणीतरी चिठ्ठी पुढं केली. मी घेतली नाही. सासूबाईंनीही घेतली नाही.

आम्ही मागच्या बाकावर बसलो. गेल्या वर्षी आपल्या मंडळीची एकही प्रार्थना वाया गेली नाही, असं पाळक सांगत होते. मग देवानं वर्षभरात काय केलं, ते सांगणाऱ्या साक्षी सुरू झाल्या. कुणाच्या मुलाला पुण्यात नोकरी लागली, कुणी नवी गाडी घेतली. मुख्य बाईंचं ऑपरेशन नीट पार पडलं होतं. प्रत्येकानंतर मंडळी म्हणायची, "देवाची स्तुती असो." माझे कान तापले. मी उठून उभी राहिले.

"माझीही साक्ष आहे."

पाळकांचा चेहरा उजळला.

"मला आभार मानायचे नाहीत," मी म्हणाले. "गेल्या वर्षी इथं माझ्या नवऱ्याला वचन दिलंत. तो मेला. मग मला सांगितलं, आमचा विश्वास कमी पडला. त्याला श्वास घेता येत नव्हता तेव्हाही तो प्रार्थना करत होता. त्याहून जास्त विश्वास कसा असतो, ते मला कुणीतरी दाखवा."

"ताई, हे आपण नंतर बसून बोलू," पाळक म्हणाले. "आज आनंदाचा दिवस आहे."

"बोलू द्या की तिला!" सासूबाई बसल्या जागेवरून ओरडल्या. त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळं त्यांचं साधं बोलणंही ओरडणंच असतं. "पोरगा माजा गेलाय. मला बी ऐकायचंय."

पाळकांकडे बघायचं मी सोडलं. त्यांच्या मागच्या लाकडी क्रुसाकडे बघत म्हणाले, "आणि तू? तुझं नाव घेऊन ही माणसं वाट्टेल ते बोलतात आणि तू गप्प बसतोस? किती हाका मारल्या तुला. मला तुझा राग आलाय. लई राग आलाय."

मी खाली बसले. कुणी स्तुती म्हटली नाही. हार्मोनियमवाल्याचा हात चुकून पट्टीवर पडला, तेवढाच आवाज झाला.

मला वाटलं होतं, आता हुंदका फुटेल. फुटला नाही. घरातल्या माणसाशी कडाक्याचं भांडावं, आणि तो उठून न जाता समोरच बसून राहावा, तसं काहीतरी झालं. लहानपणापासून मी पाठ केलेल्या प्रार्थना म्हणत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा मनातलं बोलले आणि ते ऐकलं गेलं, एवढं मला पक्कं कळलं. पाळकांनी ऐकलं की नाही, याच्याशी त्याचा काही संबंध नव्हता.

प्रभुभोजनाला, येशूच्या आठवणीतली भाकर घ्यायला, मी पुढं गेले. पाळकांनी माझ्याकडे न बघता भाकर दिली. त्यांच्या हातून घेतली म्हणून त्यांना माफ केलं, असं मात्र त्यांनी समजू नये.

बाहेर मुख्य बाईंनी गाठलंच. "वर्षाच्या पहिल्याच दिवशी असं अभद्र बोलू नये."

"शुभ-अशुभ तुम्ही कधीपासून पाळायला लागलात?" मी विचारलं. त्या चहा न घेताच निघून गेल्या. आमचं अजून बोलणं नाही. मी आता रविवारी जाते, तर माझ्या बाकावर कुणी बसत नाही. न बसू दे.

त्या दिवशी परतताना रिक्षात सासूबाईंनी विचारलं, "शेवटाला काय म्हणालीस गं? मला नीट ऐकू न्हाय आलं."

मी त्यांच्या कानाशी ओरडले, "देवाला म्हटलं, तुझा राग आलाय!" रिक्षावाल्यानं आरशातून दचकून बघितलं.

"बरं केलंस," त्या म्हणाल्या. "मी तर रोज म्हंते त्याला."

घरी येऊन मी भाकऱ्या थापल्या, वांग्याची भाजी केली. ताटं वाढल्यावर सासूबाईंनी प्रार्थनेला डोळे मिटले. मीही मिटले. आभाराचा शब्द तोंडून निघेना. मग मी देवाला नुसतं म्हटलं, "ये, बस." आणि कितीतरी महिन्यांनी पोटभर जेवले.