माशांच्या पाटीतली पृथ्वी

हल्ली मी शिक्षक होऊ घातलेल्या मुलामुलींना शिकवते. अभ्यासक्रमात शाश्वत विकास आहे, जागतिक नागरिकत्व आहे, आणि दरवर्षी कुणीतरी उत्साहाने विचारतंच, "बाई, टाकाऊतून टिकाऊ करू या?" माझं डोकं तिथेच फिरतं. मुलं बिचारी गोंधळतात. माझ्या आईबद्दल त्यांना काय माहीत असणार!

गोवा तेव्हा नुकतंच घटक राज्य झालं होतं. कोकणी राजभाषा झाली, आता मराठी शाळांचं काय, यावर आमच्या चोपडे गावच्या तिठ्यावर रोज वाद रंगायचे. मी मराठीतून शिक्षिकेचं प्रशिक्षण घेत होते. नोकऱ्या कमी होणार अशी हवा होती, म्हणजे चांगल्या गुणांनी पास होणं भाग होतं. आमचं घर आईच्या माशांच्या पाटीवर चालायचं, आणि ती पाटी मला तिच्या डोक्यावरून एकदाची उतरवायची होती.

शेवटच्या सराव पाठाचा विषय होता 'आपली एकच पृथ्वी'. आमच्या अध्यापिका कुठल्याशा मोठ्या शिबिराहून नुकत्याच परतल्या होत्या. त्यांनी फर्मान काढलं की प्रत्येकीने घरातल्या कचऱ्यातून पृथ्वी करून आणायची, त्याला वेगळे गुण आहेत.

मी घरी येऊन कचरा शोधू लागले. नारळाची सोडणं न्हाणीच्या चुलीत जायची, करवंट्यांचे आमटी वाढायचे डवले व्हायचे, जुनी लुगडी गोधडीत, माशांची खवलं माडाच्या मुळाशी, रिकामी बाटली दुकानदाराकडे परत. मी डबे हलवतेय, फळ्या धुंडाळतेय, हे बघून आई म्हणाली, "उडौक आमच्या घरात काय असा गे?"

दुसऱ्या दिवशी बाईंना मी तसंच सांगितलं, की आमच्या घरात टाकण्यासारखं काही नाही. त्या हसल्या. कचरा नसलेलं घर नसतंच, नीट बघ, म्हणाल्या. वर्गही हसला. घरी येऊन मी रागारागाने जेवले नाही.

ती त्या वेळी हरमल-केरीच्या बाजूला मासे विकायला जायची. तिकडे गोऱ्या लोकांनी खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मागच्या अंगणातून तिने पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या, डबे, चकचकीत कागद वेचले आणि पाटीत भरून आणले. बस चुकली म्हणून बरंच अंतर चालत आली. वाटेत लोकांनी थट्टा केली, आज कसले मासे गे, म्हणून. हे तिने हसत सांगितलं, पण पाटी खाली ठेवताना मान चोळली. मला लाज वाटली, आणि हायसंही वाटलं.

मी बाटल्या कापल्या, चिकटवल्या, निळा रंग दिला. डिचोली तालुक्यात लाटंबार्सेच्या शाळेत पाठ झाला. मुलांना पृथ्वीपेक्षा बाटल्याच जास्त आवडल्या. एकीने तर विचारलं, आम्हाला एक द्याल का. बाई खूश झाल्या. बघ, मिळाला ना घरातच, म्हणाल्या. हा कचरा आमच्या घरचा नाही, हे मी सांगून टाकलं. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "अगं, सगळी पृथ्वीच आपलं घर नाही का?"

गुण पैकीच्या पैकी मिळाले, आणि आमच्या सगळ्यांच्या पृथ्व्या विद्यालयात प्रदर्शनाला मांडल्या. आई खूश. उरलेल्या दोन बाटल्या तिने राखेने घासून तेलासाठी फळीवर ठेवल्या होत्या. बाकीच्या परत कधी आणतेस, हे ती सारखी विचारायची. त्या कापल्यात, रंगवल्यात, हे तिला पटत नव्हतं. धुतल्यावर तरी चालतील, म्हणायची.

प्रदर्शन संपलं त्या आठवड्यात मी विद्यालयाच्या मागच्या आवारात गेले. आमच्या सगळ्यांच्या पृथ्व्या तिथे ढिगाने पडल्या होत्या. शिपाई आगपेटी शोधत होता. माझी वरच होती, एका बाजूने चेपलेली. मी ती उचलली नाही. उचलून करणार काय? प्लास्टिकचा धूर तेव्हा पहिल्यांदा माझ्या नाकात गेला.

घरी आल्यावर आईने नेहमीसारखं विचारलं. थाप मारणं सोपं होतं, कपाटात ठेवल्यात म्हणून. पण माझा संताप आवरेना. जाळल्या म्हणून सांगून टाकलं.

ती मासे कापत होती. सुरी थांबली. "जाळल्यानी?" तिने विचारलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मगे मी ता डोक्यार घेवन कित्याक इलंय?"