बर्फातली गाडी उन्हात आणली तेव्हा

मी काम करते त्या मॉलमध्ये एक बर्फाची खोली आहे. बाहेर बेंगळुरूचं कसलंही हवामान असो, आत बारा महिने बर्फ. तिथे एक स्नोमोबाइल आहे. पुढे घसरायला दोन पट्ट्या, मागे रुंद रबरी पट्टा, वर लांब सीट. गाडी चालवणारे अण्णा मुलांना बसवून दोन फेऱ्या मारतात. मुलांना हेल्मेट घालायचं, हे माझं काम. मला ते आवडतं. जाड कोट, कानटोपी आणि मफलरमध्ये माझे फक्त डोळे दिसतात, आणि लहान मुलांशी बोलायला मी लाजत नाही.

मागच्या उन्हाळ्यात गाडी कुरकुरायला लागली. मग दणके बसू लागले. एक आजोबा नातवाबरोबर बसले आणि कंबर धरून उतरले. म्हणाले, "यापेक्षा आमची बैलगाडी मऊ होती."

सुपरवायझर मॅडमनी मला बोलावलं. "आज मेकॅनिक येतोय. त्याच्याकडून झालं नाही तर गाडी झाकून ठेवू. मग उद्यापासून तू दारावर. माइकवर नियम सांगायचे."

मोठ्या माणसांसमोर माझा आवाजच फुटत नाही. चौथीपर्यंत शाळेत गेले, पण वर्गात उभं राहून एक कवितासुद्धा कधी म्हटली नाही.

मेकॅनिक शहराच्या पीण्या या कारखान्यांच्या भागातून आले. मूळचे निपाणीकडचे, त्यामुळे माझ्याशी मराठीत बोलले. बर्फावर पोतं टाकून ते गाडीखाली आडवे झाले. सीटखालच्या दांड्यांना हरभऱ्याएवढी चार निपलं होती. त्यांतून ग्रीस आत जातं. प्रत्येकाच्या तोंडाशी बारीक गोळी असते, ती दबली की वाट उघडते. त्यांनी पंप लावून दाबला. ग्रीस आत जाईना, बाजूनेच बाहेर आलं. दातांवर दात आपटत ते म्हणाले, "निपलं बदलायला लागतील. या मापाची इथं मिळायची नाहीत, बाहेरून मागवायची. दोन महिने धरा."

"दोन महिने अक्का माइकवर," अण्णा म्हणाले. "लोक कान लावून ऐकतील, काही ऐकूच येणार नाही म्हणून."

मी सांडलेलं ग्रीस पुसायला वाकले. गोठलेल्या खोबरेल तेलासारखं घट्ट होतं ते. घरी थंडीत बाटली पालथी केली तरी थेंब पडत नाही, तेव्हा आपण बाटली उन्हात ठेवतो. मी अण्णांच्या कानाशी जाऊन सांगितलं, "गाडी उन्हात नेली तर?"

अण्णांनी ते सगळ्यांना ओरडून सांगितलं. मी मफलर नाकावर ओढला.

मेकॅनिक हसले. "अक्का, बर्फातली गाडी बर्फातच दुरुस्त करत होतो की मी. कुणी भरलंय हे लॉरीचं ग्रीस?"

अण्णा छताकडे बघू लागले.

चौघांनी गाडी ट्रॉलीवर चढवून मागच्या अंगणात नेली. जेवणं होईपर्यंत ती उन्हात ठिबकत राहिली. मग मेकॅनिकनी गोळी दाबायला काहीतरी बारीक मागितलं. मी बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढून दिली. पिनेनं गोळी दाबायची, वर डिझेलचा थेंब सोडायचा, थांबायचं, पुन्हा दाबायची. स्टोव्ह पिनेनं मोकळा करतात तसंच. पंप लावला तर दांडीच्या कडेनं जुनं काळं ग्रीस शेवेसारखं बाहेर आलं. तीन निपलं अशी मोकळी झाली.

चौथं हटेना. मेकॅनिकनी ते पान्यानं काढलं आणि बुडवायला भांडं शोधू लागले. मी माझ्या जेवणाच्या डब्याचं झाकण पुढे केलं. त्यात डिझेल ओतलं. पुन्हा त्या डब्यातून भाजी आणता येणार नव्हती, पण मला माइक दिसत होता.

"स्वल्प थांबा, थोडं थांबा," अण्णा सारखं म्हणत होते, जणू घाई आम्हीच करत होतो.

शेवटी गोळी हलली. मेकॅनिकनी निपल परत बसवून पंप मारला आणि बोटानं दांडी पुसून दाखवली. नवं पिवळं ग्रीस आलं होतं. "आता चालू दे. पुढच्या आठवड्यात थंडीत चालणारं ग्रीस आणतो, हे काढून टाकू."

गाडी आत नेल्यावर मॅडम आल्या. "फेरी मारून दाखवा. वजनासकट."

सगळे माझ्याकडे बघू लागले. दोन वर्षं दुसऱ्यांना हेल्मेट घातलं होतं, स्वतःच्या डोक्यावर पहिल्यांदाच चढवलं. अण्णांच्या मागे बसले. उंचवटा आला तसे मी डोळे मिटले. सीट हळूच खाली गेली, हळूच वर आली. मी इतक्या मोठ्यानं हसले की मॅडम दारापासून म्हणाल्या, "आवाज तर चांगला आहे हिचा."

"मॅडम, गाडी झाली ना," अण्णा घाईनं म्हणाले आणि न थांबता दुसऱ्या फेरीला वळले.