अंगठीचा ओरखडा

"महाराजांच्या अंगठीनं बॉनेट वरखडलं माय. पण तू काही बोलू नको त्याहिले."

मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी चहाचं आधण ठेवत होते. खिडकीपलीकडे, आमच्या अमरावतीच्या घराच्या फाटकाशी, एक काळी कोरी गाडी उभी होती. तिचा मालक वरूडकडचा, संत्र्याची बाग असलेला. दहा दिवसांपूर्वी शोरूममधून निघून तो थेट आमच्याकडे आला होता आणि माझ्या बाबांनी, म्हणजे त्याच्या महाराजांनी, याच फाटकाशी गाडीची पूजा केली होती. आज तो आईला, आमच्या काकूंना, घेऊन संत्र्यांची पेटी द्यायला आला होता. पेटी उतरवता उतरवता तो आईशी हळू आवाजात बोलत होता. आमच्याकडचा हळू आवाज तीन घरांना ऐकू जातो.

"मी कायले बोलू?" काकू म्हणाल्या. "देवाच्या कामात होते एखांद्या वेळी."

बाहेरच्या खोलीत बसलेल्या बाबांनीही ते ऐकलं. उजव्या हाताच्या अनामिकेकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि उठून मोरीत गेले. मग नळाचा आवाज आला आणि साबणाची वडी खाली पडल्याचा. ती तांब्याची अंगठी आजोबांची. बाबांच्या बोटातून निघालेली मी ती कधीच पाहिली नव्हती.

बाबा कुंकू कालवतात, त्यात अनामिका बुडवतात आणि बॉनेटवर स्वस्तिक काढतात. काढलेल्या रेघेवर दुसऱ्यांदा बोट फिरवत नाहीत. लहानपणी मी ते बघत उभी राहायचे, कारण तेवढ्या वेळापुरतं सगळ्यांचं लक्ष त्यांच्या हाताकडे असायचं, माझ्याकडे कोणी बघत नसे. त्या हाताने कुणाच्या नव्या गाडीवर ओरखडा काढला, यावर त्यांनी स्वतःच एका क्षणात विश्वास ठेवला होता. मला तेच सहन होईना.

मी अकोल्याला, जठारपेठेत, गाड्यांच्या रंगावरचे ओरखडे काढून देणाऱ्या दुकानात काम करते. ओळखीच्या लोकांना मात्र 'मुलगी अकोल्याला नोकरीला असते' एवढंच सांगायचं, असं मीच बाबांना बजावलं होतं. इंग्रजी शाळेत शिकून गाड्या पुसते, हे वाक्य मी कोणाच्या तोंडून ऐकण्याआधीच मनात पुष्कळदा ऐकून घेतलं होतं. लागले होते काउंटरवर. बाटल्यांवरचा बारीक इंग्रजी मजकूर वाचायचा आणि गिऱ्हाइकाला समजावून सांगायचा. बहुतेकांना सगळ्यात जहाल कंपाउंड, म्हणजे ओरखडा घासून काढायचं औषध, हवं असतं. त्याने ओरखडा जातो, पण रंगावरचा पारदर्शक थरही बराच जातो, हे सांगून सांगून मी कंटाळले आणि एक दिवस स्वतःच पॅड हातात घेतलं. आता काळी गाडी आली की दुकानदार मलाच हाक मारतात. काळा रंग काहीच लपवत नाही.

मी चहा दिला आणि बाहेर गाडीपाशी गेले. बॉनेटवर स्वस्तिक होतं. कुंकवाचं नाही, ओरखड्यांचं. चारही बाजू बरोबर तिथेच जिथे बाबांचं बोट फिरलं होतं. अंगठीचाच संशय येणार, त्यात त्या माणसाची चूक नव्हती. मी नख फिरवून पाहिलं. खोल ओरखड्यात नख अडकतं. इथे केसासारख्या रेघांची इतकी दाटी होती की खात्रीच होईना.

"काय पाहून राहिली ताई?" त्याने ओट्यावरून विचारलं.

"गाडी सावलीत घ्याल का? बघते, जातं का."

त्याने आईकडे पाहिलं, हसला, पण गाडी कडुनिंबाखाली घेतली.

बाबांच्या जुन्या स्कूटरसाठी मी अकोल्याहून तीन बाटल्या आणल्या होत्या: एक जहाल कंपाउंड, एक मध्यम, एक नुसतं पॉलिश. पहिल्यांदा माझा हात जहाल बाटलीकडे गेला, हे कबूल करते. तिने सगळंच निघालं असतं. अंगठीची रेघ असली तर तीही. मग कुणालाच काही कळलं नसतं, आणि बाबांनाही नाही. त्यांनी आयुष्यभर ती अंगठी काढून पूजा केली असती. मी ती बाटली पिशवीत परत ठेवली. बाकीच्या दोन सौम्य औषधांनी वरच्या बारीक रेघा निघतील आणि अंगठीची खोल रेघ असेल तर ती एकटी खाली उरेल. मला ते बघायचं होतं, आणि बघायची भीतीही वाटत होती.

आधी पॉलिश लावून पाहिलं. फारसा फरक पडला नाही. मग पॅडवर मध्यम कंपाउंडचे चार थेंब घेतले आणि स्वस्तिकाच्या एका हातावर, थोडा दाब देऊन, उभं-आडवं घासत राहिले. काकू ओट्यावरून उतरून जवळ आल्या.

"हळू घास बाई, लक्ष्मी आहे ते. मी त कुंकू फडक्यानं पुसलंच नाही. आठ दिवस तसंच ठेवलं, निंगता निंगेना. मंग देवाची भांडी घासाची पावडर आणली, नारळाची शेंडी घेतली, पूजेतलीच, अन् बरोब्बर कुंकवावरूनच घासलं. इकडंतिकडं हात नाही जाऊ देला."

त्या अभिमानाने सांगत होत्या. मी मान खाली घालून घासत राहिले. पितळेची समई ज्या पावडरने लखलखते, तिच्यापुढे गाडीचा रंग म्हणजे साय. पण फक्त पावडरच होती की तिच्याखाली अंगठीही होती, हे अजून ठरायचं होतं.

स्वस्तिकाचा पहिला हात पुसला आणि मोबाइलचा टॉर्च आडवा धरला. काळा रंग, त्यात कडुनिंबाची पानं स्पष्ट दिसत होती. रेघ नव्हती. दुसरा हात, रेघ नाही. तिसऱ्यावर एक पांढरी रेघ दिसली. मी तिच्यावर नख फिरवलं. तो पॅडमधून सुटलेला दोऱ्याचा तंतू निघाला. चौथा हात झाल्यावर मी सगळ्यावरून पॉलिश फिरवलं आणि बॉनेट पुन्हा एकदा, कडेपासून कडेपर्यंत, टॉर्चखाली पाहिलं. खाली काहीच उरलं नव्हतं.

"अरे बापरे!" मालक वाकून बघत म्हणाला. "हे त शोरूममधून निंगाली तवा बी अशी नव्हती."

तेवढ्यात बाबा बाहेर आले. बोट लाल झालं होतं, सुजलं होतं, आणि मूठ बंद होती. त्यांनी चकचकीत बॉनेटकडे पाहिलंच नाही.

"माफ करा भाऊ," ते म्हणाले. "याच्यापुढे अंगठी काढूनच पूजा करत जाईन."

"जाऊ द्या न महाराज," तो ओशाळला. "निंगून गेलं सारं. पोरीनं काढलं पाहा. अन् आंगठी लागते एखांद्या वेळी."

म्हणजे तो अजूनही तेच मानत होता आणि बाबाही. काकू माझ्या शेजारीच उभ्या होत्या, त्यांच्या हातावर माझ्या पॅडचा पांढरा डाग लागला होता. मी तो आधी पुसला. मग बाबांची मूठ उघडली, अंगठी घेतली आणि त्यांच्या सुजलेल्या बोटाच्या टोकाशी धरून ठेवली.

"अंगठीचा ओरखडा खोल जातो, तो इतक्या सौम्य औषधाने निघालाच नसता. बाबांची अंगठी गाडीला लागलेलीच नाही. काकू, तुमचा हात अगदी नेमका फिरला होता, फक्त ती पावडर पितळेची आहे, रंगाची नाही. तुम्ही माझं ऐका, अकोल्याला मी हेच काम करते."